सारवणाखालचे काकण

मित्रांनो, इंदुरीला एका घराच्या परड्यात गुडघाभर उंचीची एक मोडकी टोपली आहे. तिच्यात कोंबड्या अंडी घालतात. तिला टोपली म्हणू नका. ती मी. मी भात साठवायच्या एका जुन्या कणगीचा खालचा अर्धा भाग आहे. माझा वरचा अर्धा चुलीत गेला. तो का गेला, हे सांगायला मला पार जन्मापासून सुरुवात करावी लागेल.

माझा जन्म भाजे गावातला. तेव्हा मळवलीवरून जाणारी आगगाडी कोळशाच्या धुरात बुडालेली असे. डोंगरावरच्या वाडीतला नवसू कळकाचे बांबू तोडून घेऊन आला, त्याच्या पट्ट्या काढल्या आणि कोंडाजीच्या अंगणात चार दिवस बसून त्याने मला विणले. तळाशी मुठीएवढे भोक ठेवले आणि त्याला चिंध्यांचा बोळा दिला. मग कोंडाजीची बायको झुंबरबाई हिने शेण आणि पांढरी माती कालवून मला आतून बाहेरून लिंपले. जाताना नवसू तिला म्हणाला, "वैनी, भायेरनं दर सालाला सारवा. आतनं मातर एकदाच. आतल्या सारवणाला पुन्यांदा हात लावू नका."

हे त्याचे बोलणे लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

मी खाण्याच्या भाताची कणगी नव्हते. मी बियाण्याची कणगी होते. झोडणी झाली की पहिले निवडक भात माझ्यात पडे. मग झाकण लावून त्याच्या कडेने ओले शेण लिंपत आणि झुंबरबाई हळदीत हात बुडवून झाकणावर पंजा उमटवी. तो पंजा रोहिणीत राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, बी टाकायच्या दिवशीच मोडायचा. घरात उपास पडले तरी त्याला हात लावायचा नाही, अशी रीत होती. आल्यागेल्याला कोंडाजी मला थाप मारून दाखवी. "ही भरल्याली हाय तवर मला भ्या न्हाई," असे म्हणे. मला तेव्हा फार मोठे झाल्यासारखे वाटे.

मग ते मानमोडीच्या साथीचे साल आले. आधी पाऊस गेला, मग ताप आला. पवना नदीकाठच्या एका गावात कोंडाजीची बहीण आणि मेहुणा एकाच आठवड्यात गेले. त्यांची आठ वर्षांची मुलगी विठा मामाच्या घरी आली. तिच्याजवळ आईची एक चोळी होती. ती चोळी उशाला घेऊन ती माझ्या बुडाशी निजे.

मित्रांनो, पोर कोणाशी बोलत नसे, पण माझ्याशी बोले. आई भाकरी कशी थापायची, बापाने तिला खांद्यावर घेऊन नदी कशी ओलांडली, त्यांची म्हैस कोणत्या हाकेला वळून बघायची, असे सारे ती माझ्या पोटाला तोंड लावून हळू सांगे. माझ्या पोटात गच्च भात होते. आवाज घुमत नसे, आतच मुरे. तिला ते बरे वाटत असावे.

माघात एका दुपारी झुंबरबाईचा धाकटा भाऊ दत्तोबा शिरगावाहून चालत आला. गडीमाणसे रानात होती. तो माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसला.

"दत्तू, घरात काय हाय?" झुंबरबाईने विचारले.

"काय न्हाई, आक्का. अंबूचं दूध आटलंय. थोरला काल उठलाच न्हाई."

"उठला न्हाई म्हंजी?"

"हलवला तर डोळं उघडतोय. बोलत न्हाई."

झुंबरबाई माझ्याकडे वळली. मग खाली बसली आणि तिने माझा बोळा ओढला. भात कुसळ्याचे होते, आपोआप येईना. तिने भोकातून हात घालून उकरून काढले आणि धोतराच्या फडक्यात बांधून दिले.

"दाजी काय म्हनतील?" दत्तोबा म्हणाला.

"दाजींनीच दिलंय म्हनायचं. अंबूला बी हेच सांग."

असे तिने तीनदा काढून दिले. तिसऱ्या खेपेला भोकाच्या कडेला लागून तिच्या हातातले काकण वाढले. हिरवे, पिवळ्या ठिपक्यांचे. निम्मा तुकडा बाहेर पडला, निम्मा आत भातात राहिला. तिने घाईने बोळा बसवला आणि बाहेरचा तुकडा पदराखाली घेतला.

त्या दिवशी मी तिच्यावर रागावले नाही. आजही त्या भातासाठी रागावत नाही. राग आहे तो पुढच्यासाठी.

रोहिणी लागल्या. कोंडाजीने आंघोळ करून माझ्यापुढे नारळ ठेवला, पंजा मोडला, झाकण काढले आणि आत डोकावला. मी निम्मी रिकामी होते.

"ह्ये कसं?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणूनच सगळे घाबरले. "पंजा हाय तसा हाय, अन् भात न्हाई. बोळ्यातनं कुनी तरी काढलंय. ज्यानं काढलं असंल त्यानं आत्ता बोलावं. त्येला ह्या घरात पानी बी मिळायचं न्हाई."

झुंबरबाईचे डोळे घरभर फिरले. चुलीवर गेले, दाराशी गेले, आपल्या आठ वर्षांच्या लेकावर, सोपानवर गेले आणि तिथून झटकन निघाले. मग विठावर येऊन थांबले.

"भोक बघा की केवढंसं हाय," ती म्हणाली. "ल्हान हाताचं काम हाय ह्ये. रोज हितंच तर निजती."

"म्या न्हाई," विठा म्हणाली.

"बोलत न्हाई तवर कोंड तिला," एवढे बोलून कोंडाजी रानात निघून गेला.

झुंबरबाईने पोरीला बखोटीला धरून उचलले आणि माझ्यात सोडले. "भात गोड लागलं न्हवं? बस मग भातात," असे म्हणून झाकण लावले. सोपानला ही गंमत वाटली. तो झाकणावर चढून बसला आणि टाचांनी माझ्या पोटावर ठेका धरला. भातचोर, भातचोर, भातचोर. मित्रांनो, कणगीला कान बाहेरही असतात आणि आतही. बाहेर तो ठेका होता, आत एक लहानसा श्वास होता.

भाताची कूस, म्हणजे दाण्यावरची बारीक कुसळे, अंगाला लागली की कशी खाज सुटते, हे ज्याने मळणी केली आहे त्यालाच कळेल. पोरीचे सारे अंग सुजले. ती खाजवी, रडे, पुन्हा खाजवी. कूस घशात जाई म्हणून तिने तोंडात आईची चोळी धरली होती. खाजवता खाजवता तिच्या बोटांना भातात काही तरी टोचले.

सोपान जेवायला उतरला, तेव्हा तिने आतून झाकणाची कड उचलली. झुंबरबाई समोरच होती. विठाने फटीतून काकणाचा तुकडा दाखवला.

"मामी, ह्ये तुमचं हाय."

झुंबरबाईने झडप घातली. पोरीने हात आत ओढला. मग झुंबरबाईने झाकण दाबून बसवले, त्यावर मसाल्याचा दगडी पाटा आणून ठेवला आणि माझ्या भिंतीला तोंड लावले. ज्या जागी विठा आपल्या आईच्या गोष्टी सांगे, बरोबर त्याच जागी.

"विठे, ऐक. म्या एकदाच सांगीन. मामानं मला हाकललं तर मला म्हायेर हाय. म्या शिरगावला जाईन. तुला हाकललं तर तू कुटं जाशील?"

आत भात सळसळले.

"व्हय म्हन. चार दिस बोलतील अन् इसरतील."

ती चुलीकडे गेली. ऊन अंगणातून भिंतीवर चढले. विठाने भात बाजूला सारून खाली नखाने माझे आतले सारवण उकरले, तिथे तो तुकडा बसवला, थुंकीने शेणमाती मऊ करून वरून बोट फिरवले. फिरवताना तिचे नख तीन जागी ओढले गेले. ते तीन ओरखडे अजून माझ्या अंगावर आहेत. मग ती ओरडली, "घ्येतलं म्या. भात म्याच घ्येतलं."

दिवे लागायच्या वेळी तिला बाहेर काढले. कोंडाजीने तिला मारले नाही. तिच्याशी तो त्यानंतर नीट बोललाही नाही.

"त्ये कुटं हाय?" झुंबरबाईने तिला एकटी गाठून विचारले.

"भातात पडलं."

दुसऱ्या दिवशी झुंबरबाईने उरलेले सगळे बियाणे सुपात घेऊन दाणा दाणा निवडले. दोन दिवस निवडत होती. शेजारणी म्हणाल्या, "बियाण्याची काळजी घ्यावी तर झुंबरबाईनं." तिला हवे होते ते सापडले नाही. सापडणार कसे? ते माझ्या आत होते आणि आतल्या सारवणाला कोणी हात लावत नसे.

चार दिवसांत विसरतील, असे ती म्हणाली होती. पण ती स्वतःच विसरू देईना. आधी विचारणाऱ्यांना सांगायची, मग न विचारणाऱ्यांना. कांडणाला बायका जमल्या, पाहुणे आले, लग्नाचे पापड लाटायला बसले की गोष्ट निघे. "ही आमची विठी. हिची गंमत ठावं हाय का?" दर साली गोष्टीला नवे काही तरी फुटे. आधी विठाने भात काढले होते. पुढे ती माझ्यात बसून कोंबडीसारखी टिपत होती. त्याच्याही पुढे तिच्या गालफडात भात भरलेले होते आणि बाहेर काढल्यावर ती भोपळ्यासारखी सुजली होती. या भोपळ्यापाशी सगळे हसत. सोपान हातांनी ठेका धरून दाखवी.

आणि विठा काय करी? ती पाण्याचे तांबे फिरवत असे. तोंडावर पदर घेऊन तीही हसे. हसली नसती तर "लय लागलं वाटतं" म्हणून आणखी हसले असते.

तिचे लग्न इंदुरीच्या भिमाजीशी झाले. मांडवात गोष्ट झाली. पहिलटकरीण म्हणून ओटी भरायला आणली, तेव्हा झुंबरबाई म्हणाली, "डोहाळं कशाचं लागलं गं? कच्च्या भाताचं का?" बायका लोटपोट झाल्या. विठा माझ्याजवळून जाई, पण त्या दिवसानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. माझ्या भिंतीला तिने पाठही टेकली नाही.

वर्षे गेली. कोंडाजी वारला. भिमाजीही तापाने गेला आणि विठाच्या पदरात एकच लेक उरली, शालू. ती लग्नाची झाली तेव्हा दुसरी लढाई चालू होती, रॉकेलला रांगा होत्या. अशात शिरगावच्या दत्तोबाने आपल्या धाकट्या मारुतीसाठी शालूला विचारले. आपण होऊन विचारले. बाप नसलेल्या पोरीला असे घर मिळत नाही. विठा तीन दिवस नीट जेवली नाही, इतकी हरखली होती. मुलगी दाखवायचे मामाच्या घरी, भाज्यालाच ठरले.

झुंबरबाईला मात्र हे नको होते. ज्या घरी ते भात शिजले, त्याच घरी विठाची लेक नांदायला जायची. शिरगावकरांपुढे तिने ती गोष्ट आजवर काढली नव्हती; आता कधी तरी तिचे दोन तुकडे जुळायचे. हे मला कळत होते, कारण तिने त्या आठवड्यात मला दोनदा बाहेरून सारवले होते.

जेठातली सकाळ. बियाणे पेरून झाले होते, मी रिकामी होते. दत्तोबा आणि त्याची बायको अंबूबाई माजघरात बसली. शालूने गुळाचा चहा दिला.

"पोर नीट हाय," अंबूबाई म्हणाली. "हात कसा चलाख हाय."

"चलाख असनारच," झुंबरबाई म्हणाली. "आईवर गेलीया. अंबू, विठीची भाताची गोष्ट तुला ठावं न्हाई का?"

आणि तिने सांगितली. बोळ्यापासून भोपळ्यापर्यंत. सोपान हसला, सवयीने त्याचा हात मांडीवर वाजला. अंबूबाईसुद्धा हसली. मग हसणे उतरले तशी ती नवऱ्याकडे वळून हळू म्हणाली, "बियान्याचं भात? धन्यानं राखल्यालं? न्हाई बाई, असल्या घरातली नको."

विठाने दत्तोबाकडे पाहिले. त्याने एक वाक्य बोलायचे होते. तो तळहातावरची तंबाखू मळत राहिला. तंबाखू कधीच मळून झाली होती.

तेव्हा विठा उठली आणि माझ्याकडे आली. पंचवीस वर्षांनी. तिने झाकण खाली ठेवले, कमरेपासून वाकली, खांद्यापर्यंत हात माझ्यात घातला. तिची बोटे त्या तीन ओरखड्यांवर सरळ गेली, जणू कालच केले होते. तिने त्यांच्या शेजारी उकरले. मी सोडले. तिने तो तुकडा आणून अंबूबाईच्या बशीत ठेवला.

"मामी," ती म्हणाली, "तुमी सांगता त्यात दर येळंला येवढं ऱ्हातंय."

"ह्ये काय आनि?" झुंबरबाई म्हणाली. "असली काकनं अख्ख्या मावळात हाईत."

अंबूबाईने तुकडा उचलून पदराने पुसला. पिवळे ठिपके दिसले. तिने तो आपल्या मनगटाशी धरून पाहिला.

"वन्सं," मग ती म्हणाली, "कार्ल्याच्या जत्रंत आपन दोघींनी एकदम भरली व्हती ही. मानमोडीच्या आदल्या सालाला. तुमच्या हातात एक कमी दिसलं म्हनून म्या इचारलं व्हतं. तुमी म्हनलात, तुमाला भात द्येताना वाढलं."

"आसंल."

"त्येच भात का, वन्सं? ज्येच्यावर माजा थोरला उठून बसला?"

"दत्तूला इचार."

दत्तोबाने तंबाखू तशीच झटकून टाकली. "उशीर झाला," तो म्हणाला. "बैलं जुपतो." आणि बाहेर गेला.

मित्रांनो, मला वाटले, आता निकाल लागला. मी उगीच एवढी वर्षे वाट पाहिली नाही. विठालाही तसेच वाटले असावे, कारण तिने भीत भीत विचारले, "मग शालूचं?"

अंबूबाईने तिचे दोन्ही हात हातात घेतले. "विठाबाई, तुमी चोर न्हाई. तुमच्या अंगावरच्या पुरळावर माजी पोरं जगली. पन म्हनूनच आता जमायचं न्हाई. तुमची लेक रोज माज्या म्होरं ताट वाढंल, अन् परत्येक घासाला मला ह्ये आठवंल. माज्याच्यानं ते व्हनार न्हाई."

ती रडली. रडून गाडीत बसली. खोट्याने मोडली असती ती सोयरीक खऱ्याने मोडली.

बशीतला तुकडा झुंबरबाईने उचलला आणि आपल्या पदराच्या गाठीला बांधला. तो पुन्हा कोणी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी सोपानने कुऱ्हाड आणली. "जुनाट झाली. उंदरं झाल्यात तिच्यात," तो म्हणाला. माझ्यात एकही उंदीर नव्हता. त्याने मध्यावर घाव घातले. वरचा भाग झाकणासकट चुलीपुढे टाकला. विठा दारात उभी होती.

"सोपानदादा, खालचं अर्धं मला देतोस?"

"ने की. तुला आवडतीच ती," तो म्हणाला. आईसारखा हसायला गेला, पण जमले नाही. त्याने मान फिरवली आणि कुऱ्हाडीची धार पाहत बसला.

विठाने मला मळवलीला आगगाडीत घातले, तळेगावला उतरवले आणि तिथून डोक्यावर घेऊन इंदुरीला आली.

पुढच्या वर्षी शालू एका बिजवराला दिली. मांडव याच अंगणात होता. झुंबरबाई आली होती. पंगती बसल्या आणि तिने सुरुवात केली. "हिच्या आईची गंमत ठावं हाय का?" एक शब्द बदलला नव्हता. बोळा, कोंबडी, गालफड, भोपळा. तेव्हा हळदीच्या अंगाने शालू उठली आणि म्हणाली, "आजी, थांबा. आता पुढचं माजी आई सांगंल."

विठा जिलबीचे ताट हातात घेऊन उभी होती. तिने ताट खाली ठेवले आणि सांगितले. पाटा सांगितला, काकण सांगितले, "तू कुटं जाशील" हेही सांगितले. सांगून झाल्यावर तिने ताट पुन्हा उचलले.

"विठी लय रंगवून सांगती," झुंबरबाई म्हणाली. थोडे लोक हसले. थोडे हात धुवायला उठले.

पण त्या रात्री पाहुणे गेल्यावर विठा परड्यात आली आणि माझ्या भिंतीला पाठ टेकून बसली. आता माझ्या पोटात भात नव्हते, आवाज घुमत होता. तिने आईची भाकरी सांगितली, बापाचा खांदा सांगितला, म्हशीची हाक सांगितली. सारे तिच्या ध्यानात होते. सव्वीस वर्षे तिने ते कोणालाच सांगितले नव्हते, कारण त्या घरात तिची म्हणून एकच गोष्ट होती.

आता शालूची मुले येतात तेव्हा विठा त्यांना ती भाताची गोष्ट सांगते. सुजून भोपळा झाला इथे ती अजूनही थांबते आणि मुले हसतात. हसू येण्यासारखेच आहे ते. फक्त धाकटी नात हसत नाही. ती येऊन कोंबडी उठवते, माझ्यात हात घालते आणि ते तीन ओरखडे चाचपून बघते.

मित्रांनो, तुमच्याही घरात अशी एखादी गोष्ट असेल. सण असला की निघणारी, सगळ्यांना पाठ असलेली. ती निघाली की हसा, पण हसताना एकदा इकडेतिकडे बघा. ज्याची गोष्ट आहे ते माणूस बहुधा पाणी वाढत असेल. त्याला खाली बसवा आणि म्हणा, आज तू सांग. भांड्याला बाहेरून दर साली सारवतात आणि ते नवे दिसते. माझ्यासारखे एखादे जुने भांडे जाळण्याआधी त्याच्या आत एकदा हात फिरवून बघत जा.